स्लॉट कार दुसऱ्या ट्रॅकवर अडखळते? जोरदार मॅग्नेट हा त्यावरचा इलाज नाही

स्लॉट कार म्हणजे ट्रॅकमधल्या खाचेतून (स्लॉटमधून) पळणारी छोटी विजेवरची गाडी, खाचेच्या दोन बाजूंच्या धातूच्या पट्ट्यांमधून तिला करंट मिळतो. तिच्याबद्दल एक टिप सध्या जो तो पुढे ढकलतोय. थोडक्यात ती अशी: १:३२ ची (खऱ्या गाडीच्या बत्तिसाव्या हिश्श्याएवढी) गाडी कुठल्याही कंपनीच्या ट्रॅकवर चालतेच, नीट चालत नसेल तर जास्त ताकदीचं निओडिमियम मॅग्नेट लावा, पिकअप (ट्रॅकवरून करंट घेणारे गाडीखालचे तारेचे तुकडे) खाली वाकवा म्हणजे करंट मिळेल, गाईड (स्लॉटमध्ये बसणारं गाडीखालचं पातं) जितकं खोल तितकं चांगलं, तरी मंद वाटली तर व्होल्टेज वाढवा, आणि टायरचं नंतर बघू. नवीन लोक हे वाचून तसंच करतात, गाडी आणखी बिघडते आणि मग म्हणतात हा ट्रॅकच खराब आहे. त्यामुळे एकेक मुद्दा घेऊन बोलूया.

पहिलं, "१:३२ म्हणजे सगळीकडे चालते". १:३२ हे गाडीचं माप झालं, ट्रॅकचं नाही. स्कॅलेक्सट्रिक १९५७ सालापासूनचं, कॅरेराचा स्लॉट ट्रॅक १९६३ चा, आणि प्रत्येकाने आपापलं माप धरलं. स्कॅलेक्सट्रिकच्या स्पोर्ट ट्रॅकवर दोन लेनमध्ये साधारण ७८ मिलीमीटर अंतर असतं, कॅरेराच्या मोठ्या ट्रॅकवर साधारण १०० मिलीमीटर, कारण त्याच ट्रॅकवर १:२४ च्या गाड्याही पळवायच्या असतात. कॅरेराचा स्लॉट जास्त खोल आहे, धातूच्या पट्ट्यांमधलं अंतर वेगळं आहे, पट्ट्यांचा धातू वेगळा आहे. गाडी ठेवली की चालते हे खरंय, पण चालणं आणि नीट पळणं यात खूप फरक आहे, आणि तो फरक भरून काढायलाच तर ट्यूनिंग लागतं.

आता मॅग्नेट, कारण सगळ्यात जास्त नुकसान या सल्ल्याने होतं. चासीखालचं मॅग्नेट ट्रॅकच्या पट्ट्यांना ओढतं आणि गाडी खाली दाबून धरतं, म्हणजे ते सगळं पट्टीच्या धातूवर अवलंबून आहे. लाकडी ट्रॅकवर तांब्याची टेप लावलेली असेल तर मॅग्नेट कितीही ताकदीचं लावा, ओढ शून्य, कारण तांब्याला चुंबक चिकटतच नाही. तिथे ते फक्त वजन म्हणून बसतं. कॅरेराच्या पट्ट्या स्टेनलेस स्टीलच्या आहेत, त्यांना चुंबक धरतं पण स्कॅलेक्सट्रिकच्या मानाने पकड कमी, आणि पट्ट्या एकमेकींपासून जास्त लांब असल्यामुळे अरुंद मॅग्नेटच्या कडा नेमक्या पट्टीवर येतही नाहीत. उलट प्रवास केला तर उलटा त्रास, म्हणजे कॅरेरावर नीट वाटणारी गाडी स्कॅलेक्सट्रिकवर चिकटून बसल्यासारखी जड चालते.

आणि ओढ अंतरावर फार अवलंबून असते, मॅग्नेट अर्धा मिलीमीटर वर घेतलं तरी कंट्रोलरवर बोटाला फरक जाणवतो. म्हणून ओढ कमी-जास्त करायची असेल तर आधी मॅग्नेटची उंची बदला, खाली-वर कागदाच्या किंवा पातळ प्लॅस्टिकच्या चकत्या घालून, लगेच दुसरं ताकदवान मॅग्नेट शोधायला जाऊ नका. जास्त ओढ म्हणजे मोटरवर जास्त लोड, जास्त करंट, मोटर तापते, सरळ रस्त्यावर वेग पडतो. त्याहून वाईट म्हणजे वळणावर गाडी काहीच सूचना देत नाही. मॅग्नेट नसलेली किंवा हलकं मॅग्नेट असलेली गाडी आधी मागून घसरते, ते दिसतं, तुम्ही हात सैल करता. जोरदार मॅग्नेटवाली शेवटपर्यंत रुळावर असल्यासारखी जाते आणि एका क्षणी पट्टीपासून सुटली की थेट ट्रॅकबाहेर, मग आरसे, मागचा विंग सगळं तुटतं.

माझं ठाम म्हणणं आहे की दुसऱ्या ट्रॅकवर गाडी बसवताना आधी मॅग्नेट काढून टाका आणि हळू चालवून बघा, कारण गाईड वर उचललं जातंय, ॲक्सल वाकडा आहे, चासी मुरगळलीय, हे सगळे दोष मॅग्नेट झाकून टाकतं. मॅग्नेटशिवाय शांतपणे फेरी मारू लागली की मग हवं तर परत लावा, आणि लागेल तेवढंच.

"पिकअप खाली वाकवा" हा सल्ला अर्धा बरोबर आहे म्हणूनच जास्त फसवतो. गाडी अडखळते तेव्हा बहुतेक वेळा दोष पिकअपपाशीच असतो हे मान्य. गाईडच्या दोन बाजूंना ज्या विणलेल्या तारेच्या वेण्या असतात, म्हणजेच पिकअप, त्या ट्रॅकच्या पट्टीला टेकल्या पाहिजेत. पण त्या जास्त वाकवल्या की स्प्रिंगसारख्या वागतात आणि गाडीचा पुढचा भाग उचलून धरतात, गाईड स्लॉटमधून वर येतं आणि पहिल्याच वळणावर गाडी बाहेर. हलक्या गाडीत हे लगेच होतं. वेणी जवळपास सपाट हवी, टोक फक्त किंचित खाली झुकलेलं, आणि टोकाचे धागे पिसारल्यासारखे थोडे मोकळे केलेले. काळ्या पडल्या असतील तर साफ करा, झिजल्या असतील तर सरळ बदला.

त्याआधी एक गोष्ट बघायची जी त्या टिपेत कुठेच नाही, पुढची चाकं. बऱ्याच गाड्यांत पुढची चाकं इतकी खाली असतात की गाडीचा भार त्यांच्यावर जातो आणि गाईड लटकत राहतं, मग पिकअप कितीही वाकवा, संपर्क तुटतच राहणार. गाडी त्याच ट्रॅकच्या सरळ तुकड्यावर ठेवा, पुढची चाकं नुसती टेकलेली किंवा केसभर वर असावीत आणि भार गाईडवर असावा. कमी पडत असेल तर गाईड आणि चासीच्या मध्ये पातळ वॉशर घालून गाईड खाली आणा. गाईडला जोडलेल्या वायर पण बघा, वायर कडक असली की गाईडला एका बाजूला ढकलते, मग गाडी एकाच बाजूच्या वळणावर सुटते आणि माणूस टायर बदलत बसतो. मऊ सिलिकॉन वायर टाकली की हा त्रास जातो.

"गाईड जितकं खोल तितकं चांगलं" हे खोल स्लॉट असलेल्या ट्रॅकपुरतं ठीक आहे. कॅरेरावर किंवा लाकडी ट्रॅकवर खोल गाईड छान धरतं. तीच गाडी स्कॅलेक्सट्रिकवर आणली की गाईडचं टोक स्लॉटच्या तळाला टेकतं, गाडी त्या टोकावर उभी राहते आणि पिकअप हवेत. दिसायला अगदी करंट मिळत नसल्यासारखं दिसतं, म्हणून लोक पिकअप आणखी वाकवतात, व्होल्टेज वाढवतात, आणि मूळ दोष तिथेच राहतो. तपासायचं सोपं आहे, पिकअप काढून ठेवा, सप्लाय बंद करा, गाडी हाताने हलकेच पूर्ण ट्रॅकभर ढकला, विशेष करून तुकड्यांचे जोड आणि क्रॉसिंगचे तुकडे, जिथे अडकते किंवा उडी मारते तिथे बोटाला कळतं. मग गाईड खालून सपाट ठेवलेल्या बारीक सॅंडपेपरवर थोडं थोडं घासा, दर दोन-चार घासांनी बसवून बघा. जास्त घासलं तर परत वाढवता येत नाही, म्हणून हे जुन्या गाईडवर न करता स्वतंत्र घेतलेल्या गाईडवर करा.

व्होल्टेजबद्दल तर आकडेच बोलतात. स्कॅलेक्सट्रिकची नेहमीची मोटर १२ व्होल्टला साधारण १८,००० आरपीएम (मिनिटाला फेरे) धरली जाते. कॅरेराच्या ॲनालॉग (गाडीत चिप नसलेल्या साध्या) सेटचा सप्लाय १४.८ व्होल्टचा. मोटरचा वेग ढोबळमानाने व्होल्टेजच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे तीच मोटर तिथे लोडशिवाय २२,००० च्या आसपास फिरणार, काहीही न बदलता. जी गाडी आधीच जास्त वेगाने वळणात शिरतेय तिला आणखी व्होल्टेज द्या म्हणणं चुकीचं आहे, नव्या ट्रॅकवर ट्यूनिंग करताना व्होल्टेज कमी करून सुरुवात करा, बदलता येणारा सप्लाय असेल तर फारच सोयीचं. गाडी ट्रॅकच्या लांबच्या टोकालाच मंदावत असेल तर दोष जोडांमधल्या रेझिस्टन्सचा आहे, पॉवर बेसपासून (सप्लाय जोडतात त्या तुकड्यापासून) त्या टोकापर्यंत वेगळी वायर टाकून पट्ट्यांना करंट द्या, लगेच फरक दिसतो. गाडी उलटी पळाली तर गाईडच्या दोन वायर अदलाबदल करा, बिघाड नाहीये तो.

डिजिटल ट्रॅकवर मात्र ॲनालॉग गाडी ठेवूच नका. तिथे पट्टीत सतत पूर्ण व्होल्टेज असतं (कॅरेराच्या डिजिटल १३२ चा सप्लाय १८ व्होल्टचा आहे), वेग गाडीतली चिप ठरवते, आणि चिप नसलेली गाडी काही सिस्टिमवर ठेवल्या ठेवल्या सुसाट सुटते, मोटर जळायचीही भीती. एका कंपनीची डिजिटल चिप दुसरीच्या बेसचं ऐकत नाही, त्यामुळे चिप त्याच सिस्टिमची लागते.

आणि "टायर नंतर बघू" का नको, तर ट्रॅक बदलला की पृष्ठभाग बदलतो. निन्को कंपनीचा ट्रॅक खरखरीत, पकड भरपूर पण टायर लवकर झिजतात. गुळगुळीत प्लॅस्टिकवर युरेथेनचे टायर चांगले चालतात, रंगवलेल्या लाकडी ट्रॅकवर सिलिकॉनचे, पण सिलिकॉनला धूळ अजिबात चालत नाही, ट्रॅक पुसलेला नसेल तर पकड गेलीच. नवीन टायर क्वचितच पूर्ण गोल असतात, म्हणून रिमवर चिकटवून, सपाट बसवलेल्या सॅंडपेपरवर कमी वेगाने मोटर चालवत टेकवून घासा, चारही बाजूंनी एकसारखा डाग दिसेपर्यंत. गाडी सरळ रस्त्यावर थरथरते ती बऱ्याचदा याचमुळे. थरथर तरीही राहिली तर बॉडीचे स्क्रू पाव ते अर्धा फेरा सैल करा, बॉडी चासीवर किंचित हलायला हवी, पडायला नको. मॅग्नेट काढलेल्या गाडीला वजन द्यायचं असेल तर ते गाईडच्या लगेच मागे, चासीच्या तळाशी, थोडं थोडं चिकटवत जा, वर छताकडे कधीच नाही, आणि एका वेळी एकच बदल करून दोन फेऱ्या मारा, दोन बदल एकदम केले तर कुठल्याने फरक पडला ते कळायला मार्ग राहत नाही.