‘शरीरात साठलेली वीज चुंबकाने काढा’ म्हणे!

एक मेसेज सध्या जो तो पुढे ढकलतोय. त्याचा सारांश असा: दाराच्या हँडलला हात लावल्यावर झटका बसला म्हणजे तुमच्या शरीरात वीज तयार होऊन साठतेय, ती हजारो व्होल्टची असते, त्याने हळूहळू हृदय कमजोर होतं, म्हणून हातात चुंबकाचं कडं घाला आणि रात्री खिळ्याला तांब्याची तार गुंडाळून उशाखाली ठेवा, तो इलेक्ट्रोमॅग्नेट (विजेच्या करंटने बनणारं चुंबक) सगळी वीज ओढून घेतो. सातवी-आठवीतली पोरंपण हे फॉरवर्ड करतायत, म्हणून एकेक मुद्दा घेतोच.

‘शरीरात वीज तयार होते.’ तयारबियार काही होत नाही हो. प्रत्येक वस्तूत इलेक्ट्रॉन असतातच आणि त्यांचा ऋण चार्ज प्रोटॉनच्या धन चार्जने फिटलेला असतो. सिंथेटिक कपड्यात प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठलात की घासाघाशीत थोडे इलेक्ट्रॉन इकडचे तिकडे जातात, तुमच्याकडे जेवढे जास्त झाले तेवढेच खुर्चीकडे कमी, बास. पायात रबरी सोल असेल तर तो चार्ज जमिनीत जाऊ शकत नाही म्हणून थांबतो, आणि तोही शरीराच्या आत कुठे दडून नाही, वरवर पसरलेला असतो. हवा दमट असली की वस्तूंवर पाण्याचा अगदी पातळ थर बसतो आणि त्यावरून चार्ज गुपचूप निघून जातो, म्हणून झटके कोरड्या थंडीतच जास्त बसतात. हवा बदलली की गायब होणारा हा कसला आजार?

‘हजारो व्होल्ट, म्हणजे हृदयाला धोका.’ आकडा खरा आहे, आणि इथेच लोक फसतात. साधारण ३००० व्होल्टच्या खाली तर असा झटका जाणवतही नाही. समजा तुमच्यावर १०,००० व्होल्ट जमलेत. ऐकायला भयंकर, पण माणसाच्या शरीरावर चार्ज मावतोच इतका कमी की त्यातली सगळी ऊर्जा धरली तरी सुमारे ५ मिलिज्यूल भरते, म्हणजे ५० ग्रॅमची वस्तू १ सेंटीमीटर वर उचलायला लागते तेवढी. तीही क्षणात संपते, मागून आणखी येत नाही. घरातल्या सॉकेटमध्ये २३० व्होल्टच असतात पण तिथे करंट वाहतच राहतो, आणि शरीरातून ३०-५० मिलिअँपिअर (अँपिअरचा हजारावा भाग म्हणजे मिलिअँपिअर) करंट गेला तरी जीव जाऊ शकतो. त्यामुळे ‘मी १०,००० व्होल्ट सहन केलेत’ म्हणून सॉकेटला बोट लावायचा शहाणपणा करू नका. घासाघाशीतून जमणाऱ्या या स्थिर विजेचा खरा धोका वेगळ्याच ठिकाणी आहे, पेट्रोलच्या वाफा एका ठिणगीने पेटू शकतात आणि नाजूक इलेक्ट्रॉनिक चिप तुम्हाला काही जाणवायच्या आत जळू शकते. मेसेजमध्ये यातलं एक अक्षर नाही.

‘चुंबकाचं कडं वीज ओढतं.’ थांबलेला चार्ज आणि थांबलेलं चुंबक एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत. घासलेल्या अंबरचं (झाडाच्या चिकाचा दगडासारखा कडक झालेला खडा) ओढणं वेगळं आणि चुंबकाचं वेगळं, हे इंग्रज शास्त्रज्ञ विल्यम गिल्बर्टने १६०० सालीच मांडलं होतं. करून बघा ना, चुंबकावर घासलेली सुई दोऱ्याला आडवी टांगा. कोरड्या केसांवरून फिरवलेला प्लास्टिकचा कंगवा तिच्याजवळ न्या, सुईची दोन्ही टोकं कंगव्याकडे ओढली जातात. आता चुंबकाची एकच बाजू दोन्ही टोकांजवळ नेऊन बघा, एक टोक जवळ येतं आणि दुसरं दूर पळतं. ‘रक्तात लोह असतं ना’ असंही कुणीतरी म्हणतंच. पण ते खिळ्यातल्या लोखंडासारखं नसतं, हिमोग्लोबिनमध्ये बांधलेलं असतं आणि चुंबकाला जवळजवळ दाद देत नाही, नाहीतर एमआरआय मशीनच्या १.५ टेस्ला (चुंबकाचा जोर मोजायचं एकक) इतक्या जबरदस्त चुंबकात माणसाचं काय झालं असतं?

‘उशाखालचा इलेक्ट्रोमॅग्नेट.’ सेल न जोडता खिळ्याला तार गुंडाळली तर तो तार गुंडाळलेला खिळाच राहतो! चुंबकत्व येतं ते चार्ज वाहायला लागल्यावर. करंट वाहणाऱ्या तारेजवळ होकायंत्राची सुई हलते हे डेन्मार्कच्या ओर्स्टेड या शास्त्रज्ञाने १८२० मध्ये दाखवलं, आणि १८२५ मध्ये इंग्लंडच्या स्टर्जनने लोखंडाला तार गुंडाळून इलेक्ट्रोमॅग्नेट बनवला. तुम्हीही बनवा, मजा येते: इनॅमल (वीज जाऊ न देणारा पातळ लेप) लावलेली तांब्याची तार खिळ्यावर ५०-६० वेढे गुंडाळायची, दोन्ही टोकांचं इनॅमल खरवडायचं (हे विसरलं की काहीच होत नाही आणि पोरं सेलला शिव्या घालतात), मग १.५ व्होल्टचा सेल लावायचा. टाचण्या चिकटतात, सेल काढला की बहुतेक सगळ्या पडतात, एखाद-दुसरी लोंबकळत राहते कारण खिळ्यात थोडं चुंबकत्व उरतं. वेढे वाढवले आणि करंट तेवढाच राहिला तर ओढ वाढते. पण सेल लावून ठेवू नका, करंटला फारसा अडथळाच नसतो म्हणून तार तापते आणि सेल उतरतो. असलं जोडलेलं यंत्र उशाखाली ठेवून झोपायचं?

झटक्याचा त्रासच होत असेल तर हँडल धरायच्या आधी हातातली किल्ली घट्ट पकडून तिचं टोक धातूला टेकवा. ठिणगी किल्लीच्या टोकावर उडते आणि बोटाला चटका बसत नाही.