स्कॉलरशिप दरबाराची, खोली गावाची

आज ३० एप्रिल. सकाळपासून बडोदेकरांच्या सगळ्या ग्रुपांवर आर्ट्स फॅकल्टीच्या घुमटाचे फोटो फिरतायत. आपल्या एम. एस. युनिव्हर्सिटीचा वाढदिवस. मीही एक टाकलाय, नाही म्हणत नाही. त्या घुमटाखाली मी तीन वर्षं काढली. निम्मी वर्गात, निम्मी सेव-उसळीच्या गाडीवर.

गोष्ट सांगायची पद्धत ठरलेली आहे. १८८१ साली सयाजीराव महाराजांच्या राज्यात बडोदा कॉलेज निघालं. १८९० साली कलाभवन, जिथे दादासाहेब फाळके शिकले. अरविंद घोष कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. आणि १९४९ च्या ३० एप्रिलला, म्हणजे संस्थान मुंबई प्रांतात विलीन व्हायच्या बरोब्बर आदल्या दिवशी, युनिव्हर्सिटी. ह्या तारखेचं मला फार कौतुक आहे. जागा सोडून निघालेल्या माणसाने जाता जाता परसात आंब्याचं रोप लावावं, तसं वाटतं.

पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता. मुलं-मुली दोघंही शिकतात अशा विद्यापीठाच्या देशातल्या पहिल्या स्त्री कुलगुरू. मानवाधिकारांच्या जागतिक जाहीरनाम्यात 'सगळे पुरुष' असं होतं, तिथे 'सगळी माणसं' असं करायला लावलं ते ह्याच बाईंनी. स्वतः नागर ब्राह्मण, बडोद्याच्या दिवाणांची लेक, आणि लग्न केलं जातीबाहेर, वाणी समाजातल्या डॉ. जीवराज मेहतांशी. त्या काळात ज्ञातीत केवढा गदारोळ झाला!

हे सगळं खरंच. पण ह्या गोष्टीत गाव कुठेच नसतं. राजा देतो, विद्वान येतात, घुमट उभा राहतो. ती बाहेरगावची पोरं राहत कुठे होती, जेवत कुठे होती, त्यांना कोणी काय विचारलं, ह्याची पोस्ट कोणी टाकत नाही.

एकाचं तरी आपल्याला पक्कं माहीत आहे. बडोदा दरबारच्या स्कॉलरशिपवर भीमराव आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबियाला गेले. करारच होता, परत येऊन संस्थानची नोकरी करायची. १९१७ च्या सप्टेंबरात ते आले. नोकरी हजर होती, खोली नव्हती. शेवटी पारशी नाव लावून एका पारशी सरायीत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन माणसं दारात. एक हिंदू मित्र, एक ख्रिस्ती मित्र, दोघांनीही काहीतरी सांगून टाळलं. मग रात्री नऊच्या गाडीपर्यंतचे पाच तास त्यांनी कमाटीबागेत काढले. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. कमाटीबागेपासून आपल्या घुमटापर्यंत रमतगमत चालत जाता येतं. महाराजांचंच कॉलेज, महाराजांचीच बाग, महाराजांचाच नोकर, आणि गावात एक खोली मिळेना.

आपण बडोद्याचे मराठी लोक ही गोष्ट सांगताना 'पारशी सराय' हा शब्द जरा जोरात म्हणतो, हे कधी लक्षात आलंय? दांडिया बाजारात, रावपुऱ्यात तेव्हा वाडे आपलेच होते ना?

आमचाही होता. आजी माडीवरची खोली विद्यार्थ्यांना द्यायची. फाइन आर्ट्सच्या एका मुलाने भिंतीला हिरवा रंग सांडून ठेवला होता, तो डाग कित्येक वर्षं तसाच होता आणि आजी तो पाहुण्यांना कौतुकाने दाखवायची. मी दहा-अकरा वर्षांची असताना विदर्भातला एक मुलगा आला. हॉस्टेल मिळालं नव्हतं. आजीने पाणी दिलं, गावाची चौकशी केली, मग आडनाव विचारलं. ते ऐकून म्हणाली, "अरे, कालच दिली बघ खोली." माडी रिकामी होती. मी तिथेच पायरीवर बसून अभ्यास करायची, मला ठाऊक होतं. मुलाने गल्लीच्या तोंडाशी वळून एकदा वर पाहिलं. माडीच्या खिडक्या सताड उघड्या होत्या.

आजी वाईट नव्हती. दिवाळीला घरी न जाणाऱ्या पोरांना फराळाचे डबे द्यायची. म्हणूनच तर हे लिहायला मला इतकी वर्षं लागली.

२०२३ च्या गुजरातच्या विद्यापीठ कायद्याने युनिव्हर्सिटीचा कारभार पाहणारी सिनेट आणि सिंडिकेट ही मंडळं गेली, तेव्हा आपण पुष्कळ हळहळलो. युनिव्हर्सिटीत गावाचा आवाज राहिला नाही, म्हणालो. मीही म्हणाले. पण गावाचा तो दुसरा आवाज, दारातला, तो कुठल्या कायद्याने जायचा?

वाडा पाडून तिथे अपार्टमेंट झालं. त्यातला एक फ्लॅट आमचा, भाड्याने देतो. मागच्या जूनमध्ये एम.ए.ला आलेल्या एका मुलीचा फोन आला. गोड बोलत होती. मी भाडं सांगितलं, डिपॉझिट सांगितलं, पाण्याची वेळ सांगितली आणि आडनाव विचारलं. पोलीस व्हेरिफिकेशनच्या फॉर्मवर लिहावं लागतं, असं म्हणाले तिला.

फॉर्म तेव्हा माझ्याकडे नव्हताच.