'आता नमुना पाहणीची गरज नाही' हा मेसेज चुकीचा आहे

साताऱ्यातल्या शेतकऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'मोबाईलवर हजारो शेतकरी आपल्या पिकाचा उतारा भरतात, मग पीक कापणी प्रयोग कशाला? एवढ्या डेटापुढे चार शेतांचं वजन काय सांगणार!'

पीक कापणी प्रयोग म्हणजे मोजक्या शेतांतलं पीक कापून, वजन करून भागाचा उतारा काढणं; त्याची गरज संपली, हे खरं नाही. आकडे किती आले यापेक्षा ते कोणी भरले, हे महत्त्वाचं. सोयाबीन चांगलं आलेला माणूस हौसेनं आकडा टाकतो. ज्याचं पावसानं गेलं तो बहुधा गप्प बसतो. असे लाखभर आकडे जमले तरी चूक तिथंच राहते. हार्वर्ड विद्यापीठाचे संख्याशास्त्रज्ञ शियाओ-ली मेंग यांनी २०१८ मध्ये अमेरिकेतल्या २०१६ च्या निवडणुकीबद्दल हेच गणितानं दाखवलं: मतदानाआधीच्या पाहण्यांत सुमारे २३ लाख लोकांची उत्तरं, पण अचूकता चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या जेमतेम ४०० जणांच्या नमुन्याइतकी.

कापणी प्रयोगात शेत चिठ्ठीनं ठरतं, टेप लावून चौकोन आखतात, तेवढंच पीक कापून, मळून काट्यावर घालतात. शेत कोणाचं, यात कुणाची मर्जी चालत नाही. ही पद्धत देशात रुजवणाऱ्यांत संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे होते, आपल्याच खटाव तालुक्यातल्या बुधचे. चौकोन फार लहान घेतला तर कडेची रोपं आत ओढली जाऊन उतारा फुगतो, हे त्यांनी ठासून मांडलं होतं.

मोबाईलचा डेटा टाकाऊ नाही. नव्या पद्धती त्याला छोट्या, चिठ्ठीनं निवडलेल्या नमुन्याशी जोडून त्याचा एका बाजूला झुकलेला कल दुरुस्त करतात. म्हणजे तो नमुना हवाच. मेसेज पुढे पाठवू नका.