गोत्र, वाय गुणसूत्र आणि अडलेले लग्न

गुहागरच्या ताईने भाचीचे जुळत आलेले लग्न सगोत्र म्हणून थांबवले आणि पुराव्यादाखल व्हॉट्सॲपवर फिरणारा मजकूर मला पाठवला. त्यानुसार गोत्र म्हणजे बापाकडून मुलाकडे जाणारे वाय गुणसूत्र (गुणसूत्र म्हणजे पेशीतला जनुके वाहणारा धागा). ते मुलीत नसल्यामुळे तिच्यात पित्याचा वंश उतरत नाही. सगोत्र लग्नाने हे वाय दुबळे होते. आणि ऋषींना हे सारे ठाऊक होते, असा त्याचा सारांश आहे. श्रद्धेने गोत्र पाळणाऱ्यांशी माझा वाद नाही, पण शास्त्राच्या नावाखाली काहीही खपवावे, हे सहन होत नाही.

वधूकडे वाय नसते, हे हाच मजकूर सांगतो. मग लग्न सगोत्र असो वा नसो, मुलाला मिळणारे वाय एकट्या बापाचेच असणार. ते वधूच्या गोत्रामुळे दुबळे कसे होईल?

मुलीत पित्याचा वंश नसतो, हे विधान चुकीचे तर आहेच, शिवाय मुलगी नको असणाऱ्यांना आयते निमित्त पुरवणारे आहे. गुणसूत्रांच्या 23 जोड्यांपैकी प्रत्येकीतले एक बापाचे असते, आणि बापाचे एक्स तर मुलीलाच मिळते. या एक्सवरूनच उतरणाऱ्या लाल-हिरव्या रंगांधत्वामुळे ज्या आजोबांना पानांआडचे पिकलेले रातांबे चटकन ओळखू येत नाहीत, त्यांच्या लेकीला ते सहसा नीट दिसतात आणि तिच्या मुलाला पुन्हा दिसेनासे होऊ शकतात. लेकीत बापाचे काही नसते, तर हा दोष नातवापर्यंत पोचला कसा?

वाय बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसेच्या तसे जाते आणि जवळच्या नात्यातील लग्नात आनुवंशिक आजारांचा धोका वाढतो, एवढे मान्य करावे लागते. पण तो धोका कोठून येतो, हे आनुवंशिकतेचे नियम मांडणाऱ्या मेंडेलच्या 1866 मधील निबंधात पाहावे. गोल आणि सुरकुतलेल्या वाटाण्यांच्या संकरात पहिल्या पिढीचे सगळे दाणे गोल निघाले, तर पुढच्या पिढीत 5,474 गोल आणि 1,850 सुरकुतलेले. दडलेला गुण दोन्ही बाजूंनी आला तरच प्रकट होतो. थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची वाट हीच आहे. आई-बाप दोघेही वाहक, म्हणजे दोष दडवून असलेले, असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. गोत्र मात्र बापाचीच बाजू मोजते. मामाच्या मुलीचे गोत्र वेगळे, म्हणून ते लग्न आपल्याकडे खुशाल लागते, वास्तविक आते-मामे भावंडांत जनुकांचा सरासरी 12.5 टक्के वाटा समाईक पूर्वजांकडून आलेला असतो.

ऋषींच्या ज्ञानाबद्दल फार लिहीत नाही. वाय गुणसूत्राचा लिंगनिश्चितीशी असलेला संबंध अमेरिकन जीवशास्त्रज्ञ नेटी स्टीव्हन्स यांनी 1905 मध्ये भुंगेऱ्यांच्या पेशी तपासून दाखवला.

ताईला नातवंडांच्या प्रकृतीची काळजी असेल, तर तिने मुलगा-मुलगी दोघांचीही थॅलेसेमियाच्या वाहकत्वासाठी रक्ततपासणी करून घ्यावी आणि तो अहवाल घेऊन डॉक्टरांशी बोलावे.