फेब्रुवारीत कोण कुठे असतं?

नागपूर महानगर प्रदेशाच्या रेषेत शहराभोवतीची सातशेवर गावं गेली. मौदा, कुही, कळमेश्वरकडे यावर बोलणं निघालं की गाडी बांधकामाच्या परवानगीवर आणि ग्रामपंचायतीच्या हातात काय उरलं यावर थांबते. त्या रेषेच्या आत राहतं कोण, हे मात्र कोणी विचारत नाही.

इथे कॅनडात महानगराची हद्द कामाच्या येण्याजाण्यावर ठरते. गावातले निम्मे कामकरी महानगराच्या मुख्य शहरात कामाला जात असले तर गाव महानगरात. गावात काम करणाऱ्यांपैकी पाव लोक शहरातून येत असले तरीही गाव महानगरातच. हा दुसरा नियम नागपूरजवळच्या बुटीबोरीला, तिथल्या कारखान्यांत शहरातून रोज माणसं येतात, समजावून सांगावा लागणार नाही. अर्थात, ही रेषा आकडेवारीपुरती. तिच्यामुळे कुणाच्या वावराचं आरक्षण बदलत नाही.

आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत कामाचं ठिकाण किती लांब आणि तिथे कशानं जाता, हे विचारलं होतं. पण शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगवाल्यांना वगळून. म्हणजे ऑटोत कोंबून दुसऱ्या गावी निंदायला, कापूस वेचायला जाणाऱ्या बाया त्या हिशेबात नाहीतच. ग्रामपंचायतीच्या गावाला जनगणनेनं 'शहरी' म्हणायचं तर वस्ती ५,०००, दर चौरस किलोमीटरला ४०० माणसं, आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी ७५ टक्के शेतीबाहेर. फक्त पुरुषांपैकी! वावरात राबणारी अर्धी माणसं इथेही बाहेर.

खरी गोम मोजणीच्या तारखांत आहे. २०११ मध्ये ९ ते २८ फेब्रुवारी हे सगळे दिवस जो घराबाहेर होता, तो जिथे होता तिथे मोजायचा, असा नियम होता. याच दिवसांत गडचिरोली-चंद्रपूरची कुटुंबं मिरची तोडायला तेलंगणात असतात, काही वीटभट्टीवर. पोट्टे नागपुरात खोली करून शिकतात. बाप गावात त्याचं नाव सांगतो आणि खोलीवरही तो मोजला जातो, म्हणून एकाचे दोन होतात. घरमालकानं भाडेकरू सांगितलाच नाही आणि बापानंही 'तो नागपूरला असते' म्हटलं, तर एकाचा शून्य. कॅनडात नियम उलटा: वर्षात कधी आईबापाकडे राहायला परतणारा विद्यार्थी आईबापाच्याच घरी मोजतात. तोच पोट्टा, पण भारताच्या नियमानं नागपूर वाढतं आणि कॅनडाच्या नियमानं गाव.

तेव्हा 'गावं ओस पडली, नागपूर फुगलं' म्हणताना त्यातले किती खरंच गेले आणि किती फक्त फेब्रुवारीपुरते गेले, हे वेगळं काढावं लागेल. पुढच्या मोजणीचा क्षण १ मार्च २०२७ ची मध्यरात्र ठरला आहे, हंगाम तोच. ग्रामसभेनं आधीच बाहेर गेलेल्यांची यादी करावी, आणि प्रत्येक घरानं पोराला विचारून ठेवावं की खोलीवर त्याचं नाव लागणार आहे की नाही.

भाषेचंही तसंच. गोंदिया-भंडाऱ्याची पोवारी बोली २०११ च्या जनगणनेत हिंदीच्या गटात गेली. पोवारी बोलणारं कुटुंब गावात मोजा की नागपुरात, कागदावर उरते हिंदी.