ताजमहालाला काही झालं नाही, मग बंगल्याला काय होणार?

सांगलीच्या मामांनी परवा रात्री अकराला एक मेसेज पाठवला. 'पांढऱ्या शिरेदार मार्बलचे पॅनेल : बिल्डर तुमच्यापासून काय लपवतात?' खाली पाच मुद्दे आणि 'जास्तीत जास्त शेअर करा'. याआधी तीन ग्रुपवर येऊन गेला होता, तेव्हा सोडून दिला. पण मामांच्या बंगल्याचं एलिव्हेशन, म्हणजे बाहेरची दर्शनी भिंत, याच आठवड्यात ठरतंय आणि मामींनी त्यातला एक प्रयोग करूनही टाकलाय.

तो प्रयोग असा : 'दगडावर लिंबू पिळा, फेस आला तर माल नकली.' साफ उलटं आहे. संगमरवर म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. त्यावर आम्ल पडलं की बुडबुडे येणारच. येत नाहीत ते ग्रॅनाइटवर, टाइलवर आणि पीव्हीसीच्या मार्बल शीटवर. म्हणजे या कसोटीला प्लास्टिक अस्सल ठरतं! मामींच्या देवघराच्या कट्ट्यावर आता रुपयाएवढे तीन निस्तेज गोल आहेत. फडक्याने पुसून जात नाहीत, कारण तो डाग नाहीच. तिथलं पॉलिश लिंबाने खाल्लंय.

पण खरा घातक मुद्दा पहिला. 'ताजमहाल पावणेचारशे वर्षं उभा आहे, तुमच्या भिंतीला काय होणार?' अहो, ताजमहालाचा संगमरवर विटांच्या जाडजूड बांधकामाला धरून बसवलाय. मामांना कोटेशन आलंय ते 18 मिलीमीटरच्या पॅनेलचं, केमिकलने चिकटवायच्या. शिवाय ताजला 'काही झालं नाही' हेही खोटं. तो पिवळा पडतो म्हणून मुलतानी मातीचे लेप लावावे लागतात, आणि 1996 साली सुप्रीम कोर्टाला आजूबाजूच्या कारखान्यांच्या कोळशावर बंदी आणावी लागली.

पातळ मार्बलचं काय होतं ते शिकागोत बघा. स्टँडर्ड ऑइलची इमारत, आताचं एऑन सेंटर. 83 मजले, इटलीच्या कॅराराचे सुमारे 43,000 पॅनेल, जाडी जेमतेम सव्वा इंच. काम चालू असतानाच, 1973 च्या नाताळात, दीडशे किलोहून जड एक पॅनेल निखळून शेजारच्या इमारतीच्या छतातून आत गेलं. 1985 च्या तपासणीत तडे सापडले आणि पॅनेल तव्यावरच्या पापडासारखे वाकलेले दिसले. आधी स्टीलच्या पट्ट्या मारल्या. मग 1990 ते 92 मध्ये सगळा मार्बल उतरवून ग्रॅनाइट लावला, खर्च आठ कोटी डॉलरच्या वर.

कारण दगडातच आहे. संगमरवर ज्याचा बनतो त्या कॅल्साइटचा (कॅल्शियम कार्बोनेटचा स्फटिक) कण तापला की एका दिशेने फुगतो आणि आडव्या दिशेने किंचित आकसतो. शेजारशेजारचे कण एकमेकांना रेटतात, सैल होतात, थंड झाल्यावर पूर्ववत होत नाहीत. ओल मिळाली की आणखी वाईट. शिकागोची थंडी सांगलीत नाही, मान्य. पण मे महिन्यात भाजणारी आणि जूनमध्ये भिजणारी पश्चिमेची भिंत आहे ना? चार बाय दोन फुटांचं एक पॅनेल साधारण 36 किलोचं होतं, आणि पोर्चमध्ये खाली मुलं सायकली लावतात.

'घर दहा अंशांनी थंड राहतं' : फरशी पायाला गार लागते, कारण दगड पायातली उष्णता पटकन ओढून घेतो. त्याने खोली थंड होत नाही. पांढरा रंग ऊन परतवतो एवढं खरं आहे, पण ते काम गच्चीवरचा चुनाही करतो.

'शिरा म्हणजे तडा' : चूक. मूळ चुनखडीतली माती, लोह, ग्रॅफाइट यांच्या त्या रेघा. मात्र काही शिरांवर दगड खरोखरच कच्चा असतो. उगाच नाही पातळ स्लॅबच्या मागे जाळी चिकटवून देत. हा मुद्दा अर्धा दिला.

'सकारात्मक ऊर्जा' मामींनी आणि देवघराने बघून घ्यावी.

मामा, शिरेदार मार्बल इतकाच आवडला असेल तर हॉलमध्ये टीव्हीच्या भिंतीला लावा. तिथे ऊन नाही, पाऊस नाही. बाहेर लावायचाच हट्ट असेल तर ठेकेदाराला एवढंच विचारा : प्रत्येक पॅनेल भिंतीला धरून ठेवायला स्टेनलेसच्या किती पिना आणि जाडी किती? 'केमिकल भारी आहे' असं उत्तर आलं तर ॲडव्हान्स देऊ नका.