दृष्टी समान, फुलपात्रं वेगळं

पुण्यात राहून समतावादी होणं अजिबात अवघड नाही. व्याख्यानाला वेळेवर जावं, पुढून तिसऱ्या रांगेत बसावं, वक्ता 'भेदाभेद भ्रम अमंगळ' म्हणाला की डोळे मिटून मान डोलवावी. मग घरी येऊन मुलीच्या बायोडेटातली 'जातीची अट नाही (एस.सी., एस.टी. क्षमस्व)' ही ओळ शुद्धलेखनाच्या दृष्टीनं एकदा तपासावी. कंसातला मजकूर जरा बारीक टायपात घेतला तर अधिक सभ्य दिसतो. एवढं जमलं की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं शास्त्राचं, आणि बरेच हौशी लोक तिथेच आपटतात, कारण त्यांनी श्लोक पाठ केलेले असतात, वाचलेले नसतात.

तेव्हा आधी पाया पक्का करा. शंकराचार्यांच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या 'तत्त्वोपदेशा'त एक सोयीची ओळ आहे: 'भावाद्वैतं सदा कुर्यात् क्रियाद्वैतं न कर्हिचित्'. अद्वैत भावनेत सदैव असावं, कृतीत कधीही नको. मूळ श्लोकाचा रोख गुरूशी बरोबरी करू नये असा आहे, पण आपण पुढची ओळ कशाला वाचायची? एवढ्या अर्ध्या श्लोकावर तुमचं सगळं घर चालतं. कामाला येणाऱ्या मावशींकडे बघण्याची दृष्टी आपल्यासारखीच, चहाचा कप तेवढा खिडकीतला. यात विसंगती दिसली तर दोष तुमच्या संस्कृतचा.

आता श्लोकांची निवड. सभेत सर्वांत जास्त खपणारा श्लोक गीतेच्या पाचव्या अध्यायातला अठरावा: 'विद्याविनयसंपन्ने ब्राह्मणे गवि हस्तिनि, शुनि चैव श्वपाके च पण्डिताः समदर्शिनः'. म्हणायला गोड, पण पूर्ण म्हणू नका. यादीचा क्रम बघा. आधी विद्वान ब्राह्मण, मग गाय, मग हत्ती, मग कुत्रा, आणि कुत्र्याच्या पाठोपाठ श्वपाक, म्हणजे चांडाळ. ज्या वस्तीत तुम्ही समरसतेचं भाषण ठोकायला निघालात, तिथल्या एखाद्या मुलीनं दहावीला संस्कृत घेतलेलं असतं. ती उठून विचारते, 'सर, यादीत आमचा नंबर शेवटून पहिला का?' यावर उत्तर नाही. म्हणून थेट 'पण्डिताः समदर्शिनः' एवढंच म्हणावं आणि पाणी प्यावं. भाष्यकारांनीही तुमची सोय करून ठेवली आहे: ज्ञानी सर्वांत समान पाहतो ते ब्रह्म. व्यवहार समान करावा, असं त्या श्लोकात कुठे म्हटलंय?

दुसरा हुकमी श्लोक 'चातुर्वर्ण्यं मया सृष्टं गुणकर्मविभागशः'. हा आरक्षणावरच्या वादात उपयोगी पडतो: 'आमच्याकडे जात जन्मानं नव्हतीच हो, गुणकर्मानं होती.' इथपर्यंत ठीक. मात्र समोरच्यानं मुंजीचा विषय काढला तर लगेच जेवणाकडे वळा. गृह्यसूत्रांनी, म्हणजे घरच्या संस्कारांच्या जुन्या ग्रंथांनी, ब्राह्मणाची मुंज आठव्या वर्षी, क्षत्रियाची अकराव्या, वैश्याची बाराव्या वर्षी सांगितली आहे. म्हणजे मुलाचे गुण आणि कर्म आठ वर्षांच्या आत ठरलेले हवेत, आणि ते ठरवायचं साधन म्हणजे वडिलांचं नाव. त्याच गीतेत 'परधर्मो भयावहः' आहे आणि वर्णसंकराची, म्हणजे वर्णांच्या सरमिसळीची, धास्तीही आहे. ती अर्जुनाच्या तोंडी आहे, असं म्हणून सुटू नका. तिसऱ्या अध्यायात खुद्द भगवंत म्हणतात की मी कर्म केलं नाही तर संकराला मीच कारण होईन.

सत्यकाम जाबालाची गोष्ट तर अगदी जपून वापरा. आई सांगते, तुझं गोत्र कोणतं हे मला माहीत नाही. मुलगा गुरूला तसंच्या तसं सांगतो. गुरू त्याला जवळ घेतो. टाळ्या पडतात. पण छांदोग्य उपनिषदात गुरूचं वाक्य असं आहे की अब्राह्मणाला असं बोलणं जमायचं नाही. आणि ब्रह्मसूत्रांवरच्या शंकराचार्यांच्या भाष्यात हीच गोष्ट नेमकी उलट्या बाजूनं आली आहे: सत्य बोलण्यावरून तो शूद्र नाही हे ठरलं, म्हणून उपनयन केलं, तेव्हा शूद्राला वेदाचा अधिकार नाही. त्याच प्रकरणात पुढे वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात शिसं आणि लाख ओतण्याचं स्मृतिवचनही दिलं आहे. श्रोत्यांत एखादा निवृत्त प्राध्यापक असेल तर शबरीची बोरं घ्या. बोरांवर कोणी भाष्य लिहिलेलं नाही.

रंगाचं प्रकरण जरा नाजूक. बायोडेटात मुलीचा वर्ण लिहिताना एक पायरी वर सरकायची, हा सर्वमान्य संकेत आहे. गव्हाळ असेल तर 'गोरी', निमगोरी असेल तर 'गोरीपान', सावळी असेल तर 'गव्हाळ'. काळी असेल तर रंगाचा रकानाच गाळून 'नाकीडोळी नीटस, स्मार्ट' लिहावं, जाणकार समजतात. मुलाच्या बायोडेटात त्या जागी वार्षिक पॅकेज येतं, आणि त्याचा रंग कसाही असला तरी पॅकेज उजळ असलं की भागतं. 'फेअर' हा शब्द आता जुना झाला. २०२० मध्ये एका प्रसिद्ध क्रीमनंही तो नावातून काढून 'ग्लो' घेतला. तुम्हीही 'गोरी हवी' म्हणू नका, 'प्रसन्न हवी' म्हणा. लग्न ठरल्यावर मुलीला शेजारणीनं सुचवलेलं मलम लावायला द्यायचं असेल तर लग्नापर्यंतचे दिवस मोजून द्या. त्यातल्या बऱ्याच मलमांत स्टेरॉइड असतं. आधी चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, मुरुमं येतात, लव वाढते, आणि लावणं थांबवलं की आगआग होते. फोटो तेवढ्यात काढून घ्यावेत.

देवाला मात्र यातून सूट आहे. विठोबा काळ्या दगडाचा, त्याच्या सावळ्या रूपाचे अभंग आपण डोळ्यांत पाणी आणून ऐकतो. कृष्णाचं नावच काळा, द्रौपदीचं एक नाव कृष्णा, राम मेघश्याम. देव सावळा चालतो कारण तो सून म्हणून यायचा नसतो. चोखोबांचं 'काय भुललासी वरलिया रंगा' हे पद संगीत सभेत अवश्य ऐका. गाणाऱ्यानं आवर्तन भरून सम गाठली की दाद द्या. ज्यानं ते लिहिलं त्याची समाधी पंढरपूरच्या देवळाबाहेर, पायऱ्यांपाशी आहे. ती कुठे आहे हे विचारणं सभेच्या शिष्टाचारात बसत नाही.

आता रंग आणि शास्त्र. इथे तुम्हाला एक धोक्याची जागा दाखवून ठेवतो. महाभारताच्या शांतिपर्वात भृगू सांगतो की ब्राह्मणांचा वर्ण पांढरा, क्षत्रियांचा तांबडा, वैश्यांचा पिवळा, शूद्रांचा काळा. वा, सापडला आधार, असं म्हणून तिथेच पान मिटा. कारण पुढच्याच श्लोकात भरद्वाज विचारतो, रंगावरून वर्ण ठरायचा तर सगळीच सरमिसळ दिसते की. काम, क्रोध, भय, लोभ, भूक आणि श्रम सगळ्यांनाच आहेत. घाम, मूत्र, कफ, पित्त, रक्त सगळ्यांच्याच शरीरातून वाहतं. मग वर्ण वेगळा काढायचा कशावरून? आणि भृगूही मान्य करतो: 'न विशेषोऽस्ति वर्णानाम्', वर्णांत काही फरक नाही. 'वज्रसूचिका' उपनिषद त्याहून उद्धट आहे. देह म्हणजे ब्राह्मण म्हणावं तर ब्राह्मण पांढरा आणि शूद्र काळा असा नियमच दिसत नाही, शिवाय बापाच्या देहाला अग्नी देणाऱ्या मुलाला ब्रह्महत्या लागेल. जात म्हणावी तर व्यास कोळिणीचा, वसिष्ठ उर्वशीचा, अगस्त्य घागरीतला. सतराव्या शतकात तुकोबांच्या शिष्या बहिणाबाईंनी हा आशय मराठी अभंगांत आणला, म्हणजे संस्कृत येत नाही ही सबबही गेली. घरात ही पुस्तकं असतील तर वरच्या फळीवर ठेवा.

गोऱ्या बाळाची हौस असेल तर सुनेला केशर-दूध जरूर पाजा. कातडीचा रंग मेलॅनिनवर आणि ते आईबापांच्या जनुकांवर ठरतं. केशरानं फक्त दूध पिवळं होतं आणि महिन्याचं बजेट कोलमडतं. अस्सल वैदिक पाककृती हवी असेल तर बृहदारण्यक उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात आहे. गोरा, एक वेद जाणणारा मुलगा हवा असेल तर नवराबायकोनं दुधात शिजवलेला भात तूप घालून खावा. पिंगट, दोन वेद जाणणारा हवा तर दहीभात. सावळा, तांबूस डोळ्यांचा, तीन वेद जाणणारा हवा तर नुसता पाण्यात शिजवलेला भात, तूप तेच. खर्च कमी, वेद जास्त, रंग काळा: हा हिशोब आपल्या आजीला कोणी सांगितला नाही. विदुषी मुलगी हवी असेल तर तिळाचा भात आहे. भाष्यकारांनी तिची विद्वत्ता घरकामापुरती असं स्पष्टीकरण लगेच जोडलं आहे, त्यामुळे घाबरू नका. सगळे वेद जाणणाऱ्या मुलासाठी मांस घालून भात सांगितला आहे. तो 'फक्त शाकाहारी कुटुंबासाठी' असलेल्या सोसायटीत शिजवता येत नाही.

व्यासांचाच किस्सा सुनेला सांगू नका. त्यांचा काळा रंग, पिंगट जटा आणि जळजळीत डोळे बघून अंबिकेनं डोळे मिटले, तिला आंधळा धृतराष्ट्र झाला. अंबालिका पांढरीफटक पडली, तिला पांडू. न घाबरता सामोरी गेली ती दासी, आणि तिला विदुर.

पत्रिकेकडे या. छत्तीस गुणांत नाडीला ८, भकूटाला ७, गणाला ६, आणि वर्णाला किती? १. त्यातही हा वर्ण चंद्रराशीवरून ठरतो: कर्क, वृश्चिक, मीन ब्राह्मण, मेष, सिंह, धनू क्षत्रिय, वृषभ, कन्या, मकर वैश्य, मिथुन, तूळ, कुंभ शूद्र. चंद्र एका राशीत साधारण सव्वादोन दिवस असतो, म्हणजे प्रसूती दोन-तीन दिवस लांबली की बाळाचा वर्ण बदलतो. सदाशिव पेठेतल्या सात पिढ्यांच्या दशग्रंथी घराण्यातही तूळ राशीचं पोर पत्रिकेत शूद्रच. वराचा वर्ण वधूइतका किंवा वरचा असला की १ गुण, नाहीतर शून्य. ज्योतिषानं जातीला ही छत्तीसातली एक जागा दिली आणि तीही जात न विचारता. त्यामुळे जात पत्रिकेच्या आधी, फोनवरच विचारून घ्यावी. थेट नको. 'मूळ गाव कोणतं?', 'कुलदैवत?', 'देवक काय तुमचं?' या तीन प्रश्नांत काम होतं. भाडेकरूच्या बाबतीत आडनाव पुरतं, आणि नाही पुरलं तर 'घरात काय काय शिजतं?'

कोणी पुण्याच्या इतिहासावर घसरलं तर एकच धोरण ठेवा: सगळं आधीच होऊन गेलेलं आहे. फुल्यांनी १८६८ मध्ये घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, छान केलं. पर्वतीच्या देवळात जायला निघालेल्या सत्याग्रहींनी १९२९ मध्ये दगड खाल्ले, वाईट झालं. आता पर्वतीवर सकाळी सगळ्यांचाच व्यायाम चालतो. जात राहिली असेल तर खेड्यात, असं म्हणावं आणि २०१७ चा उल्लेख टाळावा. सोवळ्याच्या स्वयंपाकासाठी जात लपवली म्हणून स्वयंपाक करणाऱ्या बाईंवर पोलिसांत तक्रार झाली ती याच शहरात. समतेचा वार्षिक सराव हवाच असेल तर पालख्या नाना पेठेत आणि भवानी पेठेत मुक्कामाला असतात. वारकरी एकमेकांच्या पाया पडतात, तुम्हीही पडा. पालखी दिवे घाटाला लागली की पुढच्या वारीपर्यंत मोकळे.

शेवटी वास्तुशांतीनंतरचा सत्यनारायण, कारण तो तर करणारच आहात. रवा, साखर, तूप सव्वाच्या मापात, दूध दुपटीच्या आसपास, वर केळं. रवा मंद आचेवर तांबूस भाजा, नाहीतर शिरा चिकट होतो. पोथीचे पाच अध्याय. पाचव्यात तुंगध्वज राजा रानात वडाखाली पूजा करणाऱ्या गवळ्यांना बघतो, त्यांनी दिलेला प्रसाद गर्वानं टाकून निघतो, आणि घरी पोचेपर्यंत शंभर मुलगे आणि सगळं धन गेलेलं असतं. परत येऊन गवळ्यांबरोबर तो प्रसाद खातो तेव्हा सगळं मिळतं. एवढं ऐकून एखादा चौकस पाहुणा प्रश्न विचारू शकतो. त्यासाठी पाचवा अध्याय सुरू झाला की मिक्सर लावावा, किंवा आरतीची तबकं शोधायला सगळ्यांना उठवावं. शिरा पाहुण्यांना स्टीलच्या वाट्यांतून द्या. मावशींचा कागदी द्रोणात भरून दाराशी ठेवा, त्यांना घरी न्यायला सोपं पडतं.